दीडशे रुपयांची बिननावाची बासरी: नवशिक्याने घ्यावी का?

ज्या बासरीविषयी इथे लिहीत आहे, तिच्यावर कारागिराचे नाव नाही, दुकानाचा शिक्का नाही आणि ती कोणत्या सुराची आहे याचा उल्लेखही नाही. उंच काठीला बांधलेल्या मोळीत शंभर-दीडशे बासऱ्या खोचून जत्रेत, बागेच्या दारात किंवा देवळाबाहेर उभा असलेला विक्रेता सर्वांनी पाहिलेला असतो. ही बासरी आळंदीच्या कार्तिकी यात्रेत अशाच एका मोळीतून घेतलेली असून तिची किंमत दीडशे रुपये आहे. अगदी अशीच बासरी, थोडे रंगीत दोरे जास्त गुंडाळून, ऑनलाइन बाजारात ‘नवशिक्यांसाठी व्यावसायिक बासरी’ म्हणून दोनशे ते चारशे रुपयांना विकली जाते. बासरी शिकायला येणारे अनेकजण पहिल्या दिवशी नेमकी हीच बासरी घेऊन येतात आणि ‘ही चालेल का?’ असे विचारतात. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात बासरीकडून जे हवे असते आणि तिसऱ्या महिन्यात जे हवे असते, त्यात फार मोठा फरक आहे.

आधी ती हातात घेऊन पाहू. एकूण लांबी सुमारे ३८ सेंटिमीटर, म्हणजे १५ इंच. फुंकेचे छिद्र आणि बोटांची सहा छिद्रे अशी नेहमीची रचना आहे. बांबूची भिंत दोन-अडीच मिलिमीटर जाडीची आहे आणि ती ठीक आहे. बंद टोकाला वेगळे बूच नाही, बांबूची नैसर्गिक गाठच तिथे ठेवली आहे. एका टोकाला आतला व्यास १४ मिलिमीटर, तर दुसऱ्या टोकाला जेमतेम १२ भरतो. तापलेल्या सळईने छिद्रे पाडल्याची काळी कड प्रत्येक छिद्राभोवती दिसते आणि ती कानसीने साफ केलेली नाही. फुंकेच्या छिद्राच्या पुढच्या कडेला, म्हणजे जिथे हवेचा झोत आदळून दुभंगतो तिथे, बोट फिरवले की खरखर जाणवते. वरून दिलेल्या वार्निशचा वास काही दिवस जात नाही, आणि जी वस्तू रोज ओठांना लागणार आहे तिच्याबाबत हे मला अजिबात आवडलेले नाही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र बोटांच्या छिद्रांची आहे. सहाही छिद्रे एकाच मापाची आहेत आणि त्यांच्यातले अंतरही सगळीकडे सारखेच, सुमारे अडीच सेंटिमीटर आहे. दिसायला हे नीटनेटके वाटते, परंतु या बासरीच्या सुरांतले पुढचे सगळे दोष याच नीटनेटकेपणातून आलेले आहेत.

फुंकून पाहिल्यावर पहिला अनुभव चांगला येतो. आवाज सहज निघतो. कड खरखरीत असल्यामुळे सुराबरोबर ‘फुस्स’ असा वाऱ्याचा आवाज जास्त येतो, तरीही मधल्या पट्टीत सूर भरीव आहे. सगळी छिद्रे झाकून मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम मिळवायला किंचित कष्ट पडतात, कारण बोटांची पेरे नीट बसली तरी हवा मंद आणि स्थिर ठेवावी लागते. पण तो मिळतो. तार सप्तकातले सूर जोराने फुंकल्याशिवाय लागत नाहीत आणि लागले की कर्कश होतात. एवढे दोष दीडशे रुपयांत मी खुशाल सोडून दिले असते.

खरी परीक्षा सुरांची आहे. हिंदुस्थानी पद्धतीत वरची, म्हणजे फुंकेच्या बाजूची, तीन छिद्रे झाकली की षड्ज (सा), सहाही झाकली की मंद्र पंचम आणि सगळी उघडली की तीव्र मध्यम, असा हिशेब असतो. शुद्ध मध्यमासाठी पहिले छिद्र अर्धे झाकावे लागते. या बासरीचा षड्ज पेटीच्या काळी दोन या पट्टीच्या आसपास, पण तिच्याहून बराच चढा निघतो. एवढ्यावरून तिला नापास करणे चुकीचे ठरेल. एकट्याने रियाज करणाऱ्याला तानपुऱ्याचे ॲप बासरीला मिळवून घेता येते, आणि तसेही हवेच्या तापमानानुसार सगळी बासरी चढते-उतरते. दहा अंशांच्या फरकाने साधारण तीस सेंटचा फरक पडतो. सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. अख्खी बासरी चढली किंवा उतरली तरी तिच्या सुरांचे आपापसातले नाते टिकून राहते, आणि गाणे त्या नात्यावरच उभे असते.

त्या नात्यातच ही बासरी चुकते. तिचाच षड्ज आधार मानून सूर मोजणाऱ्या ट्यूनरवर बाकीचे सूर तपासले, तेव्हा ऋषभ सुमारे वीस सेंट उतरलेला, गंधार पस्तीस, पंचम चाळीस आणि निषाद जवळपास सत्तर सेंट उतरलेला निघाला. गंधाराबाबत थोडी सवलत द्यायला हवी, कारण तानपुऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार पेटीच्या गंधारापेक्षा चौदा सेंट खालीच असतो. ती वजा केली तरी वीस-एकवीस सेंटची खोट उरते आणि ती कानाला टोचते. निषादाची स्थिती तर अशी आहे की शुद्ध निषाद म्हणून वाजवलेला सूर कोमल निषादाच्या अधिक जवळ पडतो. ‘नी सा’ ही जोडी ज्या ओढीने ऐकू यायला हवी, ती ओढच इथे नाहीशी झाली आहे. तानपुरा बंद ठेवून वाजवले तर हे सगळे कणसूर वाटते, आणि तानपुरा सुरू करून पंचमावर थांबले की ते थेट बेसूर होते.

असे का होते, हे समजून घेतले तर पुढच्या वेळी बासरी हातात घेताच निम्मा निर्णय होईल. निषाद आणि षड्ज यांच्यात अर्ध्या स्वराचे अंतर आहे, तर षड्ज-ऋषभ आणि ऋषभ-गंधार यांच्यात पूर्ण स्वराचे. एकाच मापाची छिद्रे सारख्या अंतरावर पाडली तर नळीला हा भेद कळणार कसा? ती साधारण सारख्याच पायऱ्या देते, म्हणजे अर्धा स्वर फुगतो आणि पूर्ण स्वर आक्रसतात. त्यात बांबू हा कारखान्यातला नळ नव्हे. प्रत्येक तुकड्याचा आतला व्यास, त्याची निमुळती जात जाण्याची रीत आणि भिंतीची जाडी वेगळी असते. जाणकार कारागीर छिद्र आधी लहान पाडतो, फुंकून ऐकतो, सुराशी ताडून पाहतो आणि मग कानसीने थोडेथोडे वाढवत तो सूर जागेवर आणतो. छिद्र फुंकेच्या बाजूला वाढवले की सूर चढतो, त्याच कडेला ते आवळले की उतरतो. या कामाला वेळ लागतो, आणि दीडशे रुपयांत तो वेळ कोणीच देऊ शकत नाही. म्हणून मोळीतल्या बासऱ्यांना एकाच पट्टीवरून खुणा करून छिद्रे पाडतात. यात फसवणूक आहे असे मला वाटत नाही; यात्रेत लेकराला घेऊन द्यायचे खेळणे म्हणून ती वस्तू प्रामाणिकच आहे. उत्तर प्रदेशातले पीलीभीत हे गाव बासऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, आसामातल्या सिलचरकडून तिथे बांबू येतो, आणि त्या एका गावात खेळण्यातल्या बासरीपासून मैफलीच्या बासरीपर्यंत सर्व दर्जाचा माल तयार होतो. तेव्हा गावाचे किंवा बांबूचे नाव सांगून कोणी बासरीच्या सुराची खात्री देऊ लागला, तर त्यावर विसंबू नये.

इथे ग्राहक सर्वाधिक कुठे चुकतो, ते सांगणे आवश्यक आहे. विक्रेता त्याच मोळीतली एक बासरी काढून एखादी ओळखीची चाल वाजवतो, ती गोड वाटते, आणि गोड वाटली म्हणजे बासरी सुरात आहे असा निष्कर्ष आपण काढतो. हा निष्कर्ष टिकत नाही. वर्षानुवर्षे वाजवणारा माणूस ओठांची ठेवण बदलून, बासरी किंचित आत-बाहेर वळवून आणि फुंकेचा जोर कमी-जास्त करून तीस-चाळीस सेंटची चूक नकळत सावरून घेतो. शिवाय तो चाल भरभर वाजवतो, एका सुरावर फार काळ थांबत नाही, आणि सोबत तानपुरा नसतो. आपण ऐकतो ते वाजवणाऱ्याचे कौशल्य असते, आणि पैसे देऊन ते आपल्याबरोबर घरी येत नाही. त्यापेक्षा विक्रेत्याला फोनवरच्या तानपुऱ्याबरोबर सा, प आणि वरचा सा एवढे तीनच सूर प्रत्येकी दीर्घ श्वासभर धरायला सांगावे. जी बासरी हे तीन सूर न सावरता देते, ती पुढे तपासण्याच्या लायकीची असते.

नवशिक्याजवळ हे सावरण्याचे कौशल्य नसते आणि ते असावे अशी अपेक्षाही करू नये. त्याचा कान अजून घडायचा असतो. तो अलंकार घोटतो, ‘सारेग, रेगम’ म्हणत जातो, आणि हातातल्या बासरीतून जे बाहेर येते तेच सूर म्हणून त्याच्या कानात बसतात. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. कान जात्याच चांगला असेल तर त्याला काहीतरी बिघडलेले सतत जाणवते आणि तो दोष स्वतःकडे घेतो. आपल्याला सुराचे अंग नाही, अशी समजूत करून घेऊन बासरी कपाटावर ठेवून देतो. कान अजून कच्चा असेल तर तो चुकीचा निषाद आणि चुकीचा गंधार पक्का करतो, आणि पुढे खरी मिळवलेली बासरी हाती आली की त्याच सवयीने तिच्यावरही उतरे सूर काढतो. दुसऱ्या प्रकारची सवय मोडायला शिक्षकाला आणि शिष्याला जो त्रास पडतो, तो मी जवळून पाहिलेला आहे, आणि म्हणूनच या विषयावर मी एवढ्या आग्रहाने लिहीत आहे. चार पैशांची बचत या त्रासापुढे काहीच नाही.

असे असले तरी ही बासरी टाकून द्यावी, असेही मी म्हणणार नाही. पहिले काही आठवडे शिकणाऱ्याचे काम सुराचे नसतेच. ओठ कसे ठेवायचे, हवेचा झोत छिद्राच्या कडेवर कसा पाडायचा, न दमता आवाज किती वेळ धरायचा, आणि छिद्र बोटाच्या टोकाने न झाकता पेराच्या मऊ भागाने हवाबंद कसे झाकायचे, एवढेच शिकायचे असते. त्यासाठी ही बासरी पुरते. प्रवासात किंवा कचेरीच्या पिशवीत टाकून ठेवायला, पडली-फुटली तर हळहळ न वाटावी म्हणून, किंवा मुलाला खरोखर आवड आहे की चार दिवसांचे कौतुक, हे पाहण्यासाठीही ती योग्य आहे. मुलांच्या बाबतीत एकच सूचना आहे. तोंडात धरून फुंकायचा पावा आणि आडवी बासरी दोन्ही एकाच मोळीत असतात. पाव्यातून आवाज लगेच निघतो म्हणून पालक तोच घेतात, पण आडव्या बासरीची फुंक त्यातून शिकता येत नाही.

मोळीतूनच घ्यायची वेळ आली, तर शोधणाऱ्याला बरी बासरी सापडू शकते, कारण बांबूच्या वैविध्यामुळे एखादा तुकडा त्या ठराविक खुणांशी योगायोगाने जुळून जातो. आधी डोळ्यांनी पाहावे: बांबू सरळ आहे का, आतून साफ आहे का, हिरवट किंवा ओलसर तर नाही ना. नीट न वाळलेला बांबू विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हमखास तडकतो. जिथे छिद्रांची मापे आणि अंतरे थोडी वेगवेगळी दिसतील, ती बासरी आधी उचलावी, कारण तिथे कोणीतरी कान लावून काम केले असण्याची शक्यता आहे. मग सहाही छिद्रे आणि खालचे टोक नीट बंद करून फुंकेच्या छिद्रातून हवा ओढावी. ओढ धरून राहिली तर बासरीला चीर नाही. हवा हळूच आत शिरत असेल तर दोऱ्याखाली तडा दडलेला आहे. शेवटी, वाजवता येणारे कोणी सोबत असेल तर त्यांच्याकडून तानपुऱ्यावर भूप रागाचे सूर सावकाश वाजवून घ्यावेत. सा, रे, ग, प, ध एवढेच सूर असल्यामुळे त्यात अर्धे छिद्र झाकण्याची भानगड येत नाही, आणि बासरीचा दोष वाजवणाऱ्याच्या बोटांवर ढकलता येत नाही. भूपाचा गंधार आणि पंचम ज्या बासरीवर शांतपणे थांबू देतात, ती दीडशे रुपयांना मिळत असेल तर डोळे झाकून घ्यावी.

दुरुस्तीविषयीही थोडे सांगतो. या बासरीच्या चौथ्या छिद्राच्या वरच्या कडेला, म्हणजे फुंकेच्या बाजूला, मेणाची पातळ कड बसवल्यावर चढा षड्ज बराच खाली आला, आणि पाचवे छिद्र गोल कानसीने त्याच बाजूला किंचित वाढवल्यावर निषाद वर सरकला. षड्जच खाली आल्यामुळे पंचम आणि गंधारही त्याच्या तुलनेत पुष्कळ सुधारले. आता तिच्यावर भूप बऱ्यापैकी वाजतो. परंतु हे काम कान तयार असलेल्या माणसाचे आहे, आणि ज्याचा कान तयार आहे त्याला या बासरीची गरज नाही. नवशिक्याने कानस हातात घेऊ नये.

मग नवशिक्याने काय घ्यावे? माझे मत स्पष्ट आहे. ज्याने शिकायचे ठरवले आहे त्याने आठशे ते दीड हजार रुपयांपर्यंतची, सुरात मिळवलेली, साधी बांबूची बासरी घ्यावी. या किमतीत नक्षी किंवा निवडक बांबू मिळत नाही, फुंकेला मैफलीच्या बासरीची खोली येत नाही, पण सूर जागेवर असतात आणि दहा-पंधरा सेंटचा उरलेला फरक फुंकेने सांभाळता येतो. घेताना ‘सी’ किंवा पांढरी एकची मध्यम आकाराची बासरी मागावी. ती सुमारे १९ इंचांची असते आणि बहुतेक मोठ्या माणसांच्या आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या बोटांना पेलते. सूर सांगताना एक खुलासा नक्की करून घ्यावा: हा सूर तीन छिद्रे झाकल्यावरचा की सगळी झाकल्यावरचा? काही विक्रेते सगळी छिद्रे झाकून निघणाऱ्या सुरावरून नाव देतात. कर्नाटक पद्धतीच्या बासरीला तर बोटांची आठ छिद्रे असतात आणि षड्ज दोन छिद्रांवर धरतात. हे न विचारता ऑनलाइन मागवलेली बासरी वर्गातल्या पेटीशी जुळली नाही, तर तो दोष बासरीचा नसतो.

बासरीवादक पन्नालाल घोष यांनी सुमारे ३२ इंचांची लांब बासरी मैफलीत आणली, आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्यामुळे तिचा खर्जातला आवाज घरोघरी पोचला. तो आवाज ऐकून येणारा विद्यार्थी पहिल्याच दिवशी ‘ई’ची तीस इंची बासरी मागतो. बोटे ताणून मनगट दुखवून घेण्यापेक्षा वर्षभर मध्यम बासरीवर हात बसवावा. ज्यांचे बजेट खरोखर तंग आहे, त्यांनी पीव्हीसी नळीच्या मिळवलेल्या बासरीचा विचार जरूर करावा. तीन-चारशे रुपयांत ती मिळते, नळीचा व्यास सर्वत्र सारखा असल्यामुळे एकदा बसवलेले माप प्रत्येक नळीला लागू पडते, आणि कोकणातल्या पावसात तिला बुरशी येत नाही. बांबूच्या आवाजातला जिवंतपणा तिच्यात नाही, हे खरे आहे. तरीही दीडशे रुपयांची बेसूर बांबूची बासरी आणि तीनशे रुपयांची सुरातली प्लास्टिकची बासरी समोर ठेवली, तर शिकणाऱ्याच्या हातात मी निःसंकोचपणे दुसरी देईन.

कोणतीही बांबूची बासरी घेतली तरी तिला महिन्या-दोन महिन्यांतून आतून मोहरीच्या किंवा बदामाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, वाजवून झाल्यावर आतला ओलावा काठीला गुंडाळलेल्या सुती फडक्याने पुसून घ्यावा, आणि ती गाडीत किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. यात्रेतल्या या बासरीला तेल दिल्यावर तिचा आवाज थोडा गोलाईला आला, वार्निशचा वास मात्र अजून आहे; तो जाईपर्यंत फुंकेच्या छिद्राभोवतीचे वार्निश बारीक पॉलिश पेपरने घासून काढलेले बरे.